दियानोराचा पोकळ चेहरा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. बाहेरून पाहिलेत तर मी पांढऱ्या दगडाचा एक ओबडधोबड गोळा वाटेन. मला उलटे करून पाहा. आत एका मुलीचा चेहरा आहे. नाक जिथे पुढे यायला हवे तिथे खड्डा आहे आणि ओठांच्या जागी दोन वळणदार खोबणी आहेत. तिचे नाव दियानोरा. ती सतरा वर्षांची होती.

मला फारसे काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे माझ्यावर दाबले जाते तेवढे मला कळते. बाकीचे मी नुसते ऐकत आलो.

माझा जन्म इटलीतल्या व्होल्तेराच्या डोंगरात झाला. तिथे जिप्समचा दगड निघतो. तो फोडला, भट्टीत भाजला, दळला आणि कापडातून चाळला. अशा भाजलेल्या भुकटीला पाण्याची तहान लागते. पाणी मिळाले की ती पुन्हा दगड होऊ लागते आणि होता होता तापते. हात मोडल्यावर डॉक्टर प्लास्टर घालतात, ते थोडा वेळ गरम लागते, तसेच. तापण्याची ही संधी आम्हाला एकदाच मिळते. मला ती दियानोराच्या चेहऱ्यावर मिळाली. तिचा चेहरा थंड होता. मी तापलो, घट्ट झालो, निवलो. त्यानंतर मी कधी गरम झालो नाही.

पण आधी थोडे आमच्या शहराबद्दल सांगायला हवे.

फ्लॉरेन्समध्ये रंगाऱ्यांची एक गल्ली होती. तिथे लोकर रंगवत. ज्या दिवशी जो रंग उकळे, त्याच रंगाचे पाणी गटारातून आर्नो नदीला जाई. या गल्लीच्या टोकाला लापो नावाच्या मूर्तिकाराचे दुकान होते. लापोच्या आजोबांच्या काळी देवळातल्या चित्रांतले चेहरे बहुतेक एकसारखे असत. मागे सोन्याचा वर्ख, पुढे लांब नाकाचे संत. त्यांना ना वय होते, ना वजन. मग लोक जमिनीतून जुन्या रोमन मूर्ती उकरू लागले. कुठे शेतात नांगराला एखादे डोके लागे, कुठे विहीर खणताना हात सापडे. त्या डोक्यांवर सुरकुत्या होत्या, चामखिळी होत्या. कोणीतरी, कधीतरी, एका साध्या म्हाताऱ्याची चामखीळ एवढ्या निगुतीने दगडात कोरली होती. आमचे कारागीर ते पाहत राहिले. मग चित्रकार सावल्या मोजू लागले, दूरची घरे लहान काढू लागले. मूर्तिकार माणसांचे खरे चेहरे प्लास्टरमध्ये उतरवू लागले. हळूहळू घरोघरी चुलीच्या वर, दाराच्या वर, खिडकीच्या कडेला माणसांचे चेहरे बसले. आजोबांचे, बापाचे, गेलेल्या लेकराचे.

लापोकडेही असे एक रोमन डोके होते. नाक तुटलेले. त्याची बायको बेत्ता त्याच्या कानाला लसणाच्या माळा अडकवून ठेवी.

"अगं, दीड हजार वर्षांचा माणूस आहे तो," लापो म्हणे.

"मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कामाला आला म्हणायचा," बेत्ता म्हणे.

याच गल्लीत मोन्ना ताना, म्हणजे तानाबाई, राहत असे. ती विधवा होती. नवऱ्यामागे रंगाच्या कढया तिनेच चालवल्या आणि तिची मुलगी दियानोरा तिच्या हाताखाली काम करी. उन्हाळ्यात ताना बहिणीच्या बाळंतपणासाठी जवळच्या प्रातो गावाला गेली. मागे दियानोराला ताप आला. ताना परतली तेव्हा मुलगी सकाळीच गेलेली होती.

ताना रडली नाही. ती मुलीजवळ थोडा वेळ उभी राहिली, मग चालत लापोच्या दुकानात आली आणि म्हणाली, "चला. चेहरा उतरवून घ्यायचाय."

लापोने दियानोराच्या चेहऱ्याला ऑलिव्हचे तेल लावले. भुवया आणि पापण्यांवर चरबीचा थर दिला, म्हणजे मला उचलताना केस उपटले जायचे नाहीत. केसांभोवती फडके बांधले. मग मला ओतले. असा मी झालो.

लापोने मला दुकानात फळीवर तिरके ठेवले. दुसऱ्या दिवशी ताना आली. तिला मातीचा, डोळे उघडे असलेला चेहरा हवा होता. चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायला. पण लापो माती मळत असताना ती माझ्यासमोरून चालत गेली आणि थबकली. मग परत फिरली. पुन्हा चालली.

मित्रांनो, पोकळ चेहऱ्यात एक गंमत असते. बाजूने उजेड पडला आणि तुम्ही जरा लांब उभे राहिलात की खड्डा खड्डा वाटत नाही. चेहरा बाहेर आलेला दिसतो. तुम्ही चालू लागलात की तो तुमच्यामागे वळतो. तो काही वळत नाही. तुमचे डोळेच तुम्हाला तसे सांगतात.

ताना रोज येऊ लागली. यायची आणि माझ्यासमोर येरझाऱ्या घालायची.

"ताना, बस जरा. हा पाव खा," बेत्ता म्हणायची.

ताना पाव हातात घ्यायची. जाताना तो तसाच फळीवर ठेवून जायची.

"अहो, तुमचं काम लवकर उरका," बेत्ता नवऱ्याला म्हणाली. "त्या कढया थंड पडल्यात. कामगार दुसरीकडे चाललेत. ती इथे फळीवरच्या खड्ड्याकडे बघत बसलीय."

लापोने माझ्यात माती दाबली. हे काम अंगठ्यांनी करतात. मातीच्या पातळ चकत्या एकीवर एक. मी मातीतले पाणी पितो, माती आकसते आणि आपोआप सुटून येते. पण प्रत्येक वेळी ओल्या मातीबरोबर माझाही थोडा भाग जातो. पहिल्या खेपेला माझ्यातल्या पापण्यांच्या रेघा पुसट झाल्या.

लापोने लाकडी सुरीने त्या मातीच्या चेहऱ्याचे डोळे उघडले. मान जोडली, केस केले. तानाला दाखवले. ती बराच वेळ पाहत होती.

"ही नाही ती," ती म्हणाली.

"मोन्ना ताना, साचा खोटं बोलत नाही."

"ही कोणीतरी बाई आहे. हिचे गाल कानाकडे गेलेत."

रात्रीच्या जेवणानंतर लापो बाकावर आडवा पडला आणि बेत्ताला म्हणाला, "माझ्या तोंडाकडे बघ."

"लग्नाला एवढी वर्षं झाली, आता काय बघायचं राहिलंय?"

"चेष्टा नको. उभा असताना दिसतो तसा दिसतो का?"

बेत्ताने दिवा जवळ धरला. "छे हो! गाल कानांवर गेलेत. हनुवटी मानेत शिरलीय. सुरकुत्या मात्र गेल्या. आडवे चांगले दिसता. असेच राहा."

लापो उठून बसला. चूक त्याला कळली होती. साचा झोपलेल्या चेहऱ्याचा होता. आडव्या माणसाचे मांस मागे ओघळते, आणि त्याने ते तसेच उभ्या मानेवर बसवले होते. दियानोराला उभे करून पाहणे आता शक्य नव्हते. पण आईचा आणि मुलीचा चेहरा एकाच घडणीचा होता, सगळी गल्ली म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्याने तानाला विचारले, "बाकावर निजाल का जरा? नंतर उठून बसायचं. तुमचे गाल कुठून कुठे जातात ते मला मोजायचंय."

"आणि मग?"

"मग पुन्हा माती दाबीन."

तानाने माझ्याकडे पाहिले. "पुन्हा दाबलीत तर हा पुसेल."

"हो. आणखी पुसेल."

बाहेर कोणीतरी कढईतली लोकर ढवळत होते, त्याचा आवाज येत होता. मग ती बाकावर आडवी झाली. मुलीला जसे निजवले होते, तसेच हात पोटावर ठेवले. लापोने बाकदार पायांच्या लोखंडी मापाने नाक ते गाल, ओठ ते हनुवटी अशी अंतरे घेतली. मग तिला बसवून तीच अंतरे पुन्हा घेतली. तिच्या डोळ्यांची उघडझापही झाली नाही. बेत्ता एकदा तिच्या नाकाशी हात नेऊन पाहून आली.

लापोने दुसरी खेप दाबली. माझ्यातल्या पापण्या गेल्या, भुवया गेल्या. या वेळी त्याने गाल खाली आणि पुढे ओढले, नाकाशेजारची घडी खोल केली, हनुवटी मोकळी केली. मूर्ती आतून पोखरली, म्हणजे भट्टीत फुटायची नाही. सावलीत वाळवली, भाजली. भाजल्यावर ती थोडी लहान झाली, कारण माती आकसतेच. मग तिच्यावर सरस आणि खडूची गुळगुळीत पूड यांचा लेप दिला आणि रंगवायला घेतली.

ताना आली तेव्हा चेहऱ्यावर हिरवी माती लावून झाली होती. कपाळ, गाल, मान, सगळे फिकट हिरवे.

"थांबा," ती म्हणाली. "झालं. आता हीच ती."

लापोने कुंचला खाली घेतला. "मोन्ना ताना, हा नुसता पाया आहे. आधी हिरवा लावतो, वरून गुलाबी. तसं केलं की कातडीखाली रक्त असल्यासारखं वाटतं."

"मी प्रातोहून आले तेव्हा अशीच होती."

"असेल."

"मग कशाला आणखी काही?"

लापो स्टुलावर बसला. "आमच्यात एक रीत आहे. मेलेल्या माणसाला गुलाबी लावत नाहीत. क्रूसावरच्या येशूलासुद्धा नाही. हिरवट ठेवायचं आणि थांबायचं. तुम्ही म्हणालात तर मी इथेच थांबतो. काम अर्धवट आहे असं कोणी म्हणणार नाही. पण मग ती तुमच्या चुलीवर मेलेलीच बसेल. डोळे उघडे ठेवून."

तानाला आता आठवत होता तो एवढाच चेहरा. आधीचे सगळे चेहरे या एका चेहऱ्याखाली गेले होते, जसे माझ्यातल्या भुवया मातीखाली गेल्या.

तेवढ्यात बेत्ता हातात अंडे घेऊन आली. रंग अंड्याच्या बलकात कालवतात. "हे घ्या. शहरातल्या कोंबडीचं आहे, चांगलं फिकट. तरुण पोरीचा चेहरा, म्हणून मुद्दाम शोधून आणलं. खेड्यातल्या कोंबडीचा बलक लालभडक असतो, तो म्हाताऱ्यांना चालतो."

"शहरातलं नको," ताना म्हणाली.

बेत्ता थांबली. "काय?"

"ती कुठे एवढी गोरी होती? दिवसभर कढईवर वाकलेली असायची. वाफेनं भाजून निघालेली. तिला खेड्यातलंच लागेल."

लापोने बायकोकडे पाहिले. बेत्ता अंडे घेऊन तशीच परत फिरली आणि शेजारणीकडून दुसरे घेऊन आली. फोडले तर बलक खरोखरच तांबडा होता.

लापोने गुलाबी कालवला आणि कुंचला गालाकडे नेला.

"गाल नाही," ताना म्हणाली. तिचा आवाज पूर्वीसारखाच सपाट होता. "गाल कधी लाल नव्हते तिचे. नाकाचा शेंडा लाल असायचा. थंडीत गरम कढईवर वाकायची आणि मग बाहेर पळायची, म्हणून. मी ओरडायचे."

"किती लाल?"

"जास्त. आणखी. हं. आणि कानाच्या पाळ्या. डावी भुवई मध्ये तुटलेली, लहानपणी कढईच्या काठावर आपटली होती. मोठ्यानं हसायची. गल्लीत ऐकू जायचं. मला लाज वाटायची."

"डोळे?"

ताना थांबली. "पिंगट," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. उजेडात पिंगट. घरात काळे."

लापो ती सांगेल तसे लावत गेला. ती उभ्याने सांगत राहिली, रंगाच्या कामगारांना हुकूम द्यावेत तशी. ती रडली नाही. मोठे असे काही झाले नाही. संध्याकाळ झाली तेव्हा फळीवर लाल नाकाची, तुटक्या भुवईची एक मुलगी बसली होती. बेत्ता तिला पाहून म्हणाली, "अगंबाई, आता ही पाव मागेल."

तानाने तिथला पाव उचलला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

पुढे ती मूर्ती तानाच्या चुलीवर गेली. तिच्यावर धूर बसला असेल. तिचे काय झाले मला माहीत नाही. माझ्यात लापोने खिळे ठेवले, त्याच्यानंतर कोणी मेण ठेवले, कोणी काहीच ठेवले नाही. मी अनेक पेट्यांमधून फिरलो. माझ्या काठाचा एक तुकडा निघाला आहे. मला ओलीत ठेवले की मी मऊ पडतो, म्हणून जुन्या वस्तू हाताळताना हात कोरडे ठेवा, एवढे मी तुमच्याकडे मागतो.

आणि आणखी एक. मित्रांनो, मी दियानोराला अगदी जवळून धरले होते, तिच्या आईपेक्षाही जवळून. तिच्या ओठांवरची बारीक रेघही माझ्यात आली. पण तिचे नाक लाल असे, ती मोठ्याने हसे, हे माझ्यात कुठेच नाही. ते उतरवून घेता येत नाही. ते कोणीतरी ती जागी असताना पाहिलेले असावे लागते. तानाने पाहिले होते, म्हणून ते मिळाले. तुमच्या घरात आता कोण जागे आहे? त्यांच्याकडे जा आणि त्यांचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत ते पाहून या. उजेडात पाहा आणि घरातही पाहा.