वर्तुळाबाहेरचा उंदीर

सियामकने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो रविवारी, तेहरानातल्या प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी. शेजारी हात धुणारी मंदाना म्हणाली, "शुक्रवारी जेवायला या ना घरी. आई अक्रोड-डाळिंबातलं बदक करणार आहे."

"छे छे, कशाला उगाच त्रास!"

"बरं," म्हणाली, आणि हात पुसून गेली.

बरं म्हणे! पहिल्या आमंत्रणाला हो म्हणणं म्हणजे सियामकसारख्या केरमान गावच्या माणसाला हावरटपणाची हद्दच. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, मग त्याने दंडाला धरून ओढत न्यायचं. तेहरानातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पण मंदाना वाढली जर्मनीत, हॅम्बुर्गात; इथे वर्षाच्या मुदतीवर आईसह आलेली. सियामक वर्षभर तिच्यावर मरत होता आणि एवढा चांगला घास त्याने सभ्यपणे परत केला होता. सोमवारी तिने सगळ्यांना सांगितलं, की इथली मुदत वाढवून घेत नाही, शनिवारी परत जाते.

बुधवारी दोघं उंदरांच्या प्रयोगाची शेवटची चित्रफीत तपासत होती. जाळीमागे अनोळखी उंदीर, जाळीभोवती संगणकाने आखलेलं वर्तुळ. मोकळ्या उंदराचं नाक वर्तुळात आलं की संगणक लिहिणार 'भेट', बाहेर गेलं की 'नकार'. संगणकाच्या लेखी विषय संपला.

उंदीर आला, जाळी हुंगली, मागे फिरला. 'नकार'.

"हे चूक आहे," सियामक म्हणाला.

"चूक कसलं? गेला की तो."

"कुठे गेला? रेषेबाहेर बोटभर अंतरावर उभा आहे. जायचंच असतं तर कोपऱ्यात जाऊन झोपला असता."

"मग आत का येत नाही?"

"बरं दिसत नाही म्हणून."

"उंदराला?"

"हो."

"अहो, मग संगणकाने काय करायचं? त्याची हनुवटी धरून विचारायचं?"

"थोडं थांबायचं. लगेच नकार लिहून मोकळं व्हायचं नाही."

मंदानाने चित्रफीत थांबवली. "परवापासून तुम्ही माझा स्टेपलर नेताय आणि परत आणून ठेवताय. कागद तर एकही टाचलेला दिसला नाही."

सियामकचे कान तापले.

"शुक्रवारी जेवायला येणार का?"

"छे, तुमची कशाला धाव—" मेली जीभ! पण या वेळी मंदाना बरं म्हणाली नाही. हाताची घडी घालून बसून राहिली.

"येतो," सियामक म्हणाला. असला निर्लज्जपणा त्याने जन्मात केला नव्हता. "रविवारीही यायचंच होतं. तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला. फार वाटतं."

मंदानाने हाताची घडी सोडली. मग म्हणाली, "तिकीट रविवारीच काढलं. तुम्ही नको म्हणालात, त्यानंतर."

"रद्द करता येतं का?"

"छे, आता कुठलं!" मंदाना म्हणाली. पण खुर्चीतून उठली नाही.

सियामकने पुन्हा विचारलं.