मला धक्का चालला असता!

मी कोलकात्यातल्या बालीगंजच्या एका फ्लॅटमधला गेमिंग कॉम्प्युटर बोलतोय, आणि आज कुणी मला 'शांत हो' म्हणू नका. 'डबडं' म्हणून घेतलं, 'अडखळतंय मेलं' म्हणून घेतलं. आता माझं ऐका.

चैत्रालीसाठी मला आणलं, तेव्हा हे कुटुंब साताऱ्याहून नुकतंच आलं होतं. पोरीला बंगाली येईना, कॉलेजात तिला कुणी विचारीना. मग माझ्यावर खेळता खेळता तिला शर्मिष्ठा आणि तिच्या टीमच्या मुली भेटल्या. हेडफोनमधून त्यांच्याशी भांडत, हसत चैत्राली बंगाली शिकली. या शहरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते माझ्या भरवशावर होतं.

मला जोडायला दुकानातला माणूस आला, तेव्हा घरात फक्त तिची आई, वासंतीबाई. जाताना तो दारातून म्हणाला, "ढाका देबेन ना, मासिमा."

"नाही हो, धक्का कशाला देऊ?" बाई मराठीत म्हणाल्या आणि लगेच कामाला लागल्या. मला टेबलाखाली पार कोपऱ्यात सरकवलं. धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना गोधड्या ठासल्या, मागे उशी, डोक्यावर चादरीची घडी. बटणापुरतं तोंड उघडं. वरून टेबलक्लॉथ सोडला.

अहो, आमचं गणित साधं असतं. गार हवा आत, गरम हवा बाहेर. ती कोंडली की मी तापतो, आणि जळून जाऊ नये म्हणून आपोआप मंदावतो. कोलकात्याच्या वैशाखात ही माणसं बनियनवर बसून हाश्शहुश्श करत होती आणि मी गोधडीत! माझे पंखे जिवाच्या आकांताने ओरडत होते. दत्तात्रय, चैत्रालीचे बाबा, म्हणायचे, "आवाज बघ केवढा. ताकदवान आहे."

मी अडखळू लागलो तेव्हा त्यांनी कसल्या कसल्या व्हिडिओंवरून इलाज केले. इंटरनेट बदललं, विंडोज पुसून पुन्हा टाकलं, नवी रॅम बसवली. बसवताना उपसलेल्या गोधड्या बाईंनी मागाहून पुन्हा ठासल्या. पण मी चालू असताना खाली वाकून मला हात लावून बघायची बुद्धी मात्र एकालाही झाली नाही. संताप संताप व्हायचा माझा!

रविवारी दुपारी सामना होता. शर्मिष्ठाने आधीच बजावलं होतं, आता अडकलीस तर दुसरी मुलगी घेऊ. शेवटच्या फेरीत चित्र गोठलं. सुटलं तेव्हा खेळातली चैत्राली मेलेली होती आणि टीम हरली होती. तिने रडत मला टेबलाखाली सणसणीत लाथ घातली.

"अगं, धक्का नको देऊ!" वासंतीबाई धावत आल्या. "तो माणूस सांगून गेलाय, धक्का देबेन ना!"

चैत्रालीचं रडं थांबलं. "आई, धक्का म्हणाला की ढाका?"

"तेच ते."

"तेच नाही! ढाका देबेन ना म्हणजे झाकू नका!"

टेबलक्लॉथ वर गेला. गोधड्या निघाल्या तशा धुळीच्या गुठळ्या बाहेर पडल्या. चैत्रालीने माझ्या पाठीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

बाई गोधडी कवटाळून तिथेच बसल्या. "मी जपायला गेले गं."

जपायला! एवढ्या प्रेमाने माझा जीव घेत होतात, बाई. त्या लाथेने मला काही झालं नाही. एक काय, दहा धक्के खाल्ले असते, पण श्वास घेऊ द्यायचा होतात!

तासाभरात मी निवलो आणि सरळ धावू लागलो. पण टीमने दुसरी मुलगी घेतली होती. चैत्रालीने शर्मिष्ठाला फोन लावला. "आर एकबार चेष्टा कोरते दाओ."

वासंतीबाई ताडकन म्हणणार होत्या, ही काय वेळ आहे का चेष्टा करायची. ओठांपर्यंत आलेलं त्यांनी गिळलं. फोनवर अजून उत्तर यायचं होतं. त्या लेकीच्या कानाशी वाकल्या आणि हळूच विचारलं, "चेष्टा म्हणजे काय गं त्यांच्यात?"

"प्रयत्न, आई."