उजेडात धरलेले कागद

"वाळवीनंच खाल्ले असते तं आपलं पाप तरी टळलं असतं," दफ्तरी जानराव पुटपुटला.

नागपूरहून हुकूम आला होता: निरुपयोगी कागद जाळा. अकोल्याच्या कचेरीत हेडक्लार्क केशवराव एकेक मोडी कागद उजेडात धरत, गंभीरपणे मान डोलवत आणि जाळायच्या ढिगात टाकत. साहेबाच्या दौऱ्यातल्या कोंबड्यांची इंग्रजी यादी मात्र त्यांनी लाल फडक्यात जपून बांधली.

दारात माळ्याची मनकर्णाबाई बसली होती. विहिरीतला तिचा अर्धा हिस्सा लिहिलेला कागद जानरावनं स्वतः वाचून, वर काढून केशवरावांपुढे ठेवला होता. त्यांनी मान डोलवून तोही ढिगात टाकला.

केशवरावांनी काडी ओढली. जानरावनं फुंकर मारली.

"काहून विझवली रे?"

"रावसाहेब, तुमाले मोडी वाचताच येत नाही."