समाधान झालं का?

पांढरी गाडी रेल्वे फाटकाच्या अलीकडेच थांबली, मागचं दार उघडलं आणि खुशबू खाली उतरली.

अल्का डोक्यावर भाताच्या तणसाचा भारा घेऊन फाटक उघडायची वाट पाहत उभी होती. तिनं भारा थोडा पुढे ओढून तोंड झाकलं आणि लोंबणाऱ्या काड्यांच्या फटीतून बघत राहिली. गाडीतल्या माणसानं काच खाली करून काहीतरी सांगितलं. खुशबूनं दोनदा मान हलवली. गाडी वळली आणि गोंदियाच्या दिशेनं परत गेली. तेवढ्यात अल्कानं त्या माणसाला ओळखलं होतं. कोरोनाच्या काळात तालुक्याच्या आरोग्य खात्याचे जे डॉक्टर होते, तेच हे.

खुशबूनं इकडेतिकडे पाहिलं, ओढणी डोक्यावरून घेतली आणि रुळाच्या कडेकडेनं गावाकडे चालू लागली. फाटक उघडलं तरी अल्का जागची हलली नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तिनं पाऊल उचललं.

घरी येऊन तिनं भारा अंगणात टाकला आणि सासूला सांगितलं. सुमनबाई विड्या वळायच्या पानांवर पाणी शिंपडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत बसली म्हणजे विकल्या गेली का वो?"

"मंग गावात काऊन नाही उतरली? फाटकापाशी काऊन?"

सुमनबाईनं पाण्याचं भांडं बाजूला सारलं. ती पुन्हा पानं चाळू लागली.

परवा गोंदियाला सुनावणी होती. दुसऱ्या लाटेत जिल्ह्यातल्या चाचण्यांचं काय झालं आणि घरातली माणसं गेलेल्यांना मदत का मिळाली नाही, हे ऐकायला एक समिती येणार होती. अल्काचा नवरा राजदीप गोंदियाच्या स्टेशनवर ऑटो चालवायचा. त्या एप्रिलमध्ये गावच्या शाळेत शिबिर झालं. तापलेल्या अंगानं तो रांगेत उभा राहिला आणि त्यानं नाकातून नमुना दिला. तो नमुना प्रयोगशाळेत पोहोचलाच नाही. नमुन्यांचा थर्माकोलचा डबा न्यायला येणारी आरोग्य खात्याची गाडी आली नाही, बर्फ वितळला, नमुने वाया गेले. त्याच दुपारी त्याला धाप लागली, तेव्हा हातात अहवाल नाही म्हणून एका दवाखान्यानं कोरोनाच्या वॉर्डात घेतलं नाही आणि लक्षणं कोरोनाची म्हणून दुसऱ्यानं फाटकाच्या आत घेतलं नाही. राजदीप दोन फाटकांच्या मध्ये, स्वतःच्याच ऑटोच्या मागच्या सीटवर गेला. पुढे मदतीचा अर्जही त्याच कारणानं परत आला. कोरोनानं गेला याचा पुरावा काय?

तेव्हापासून अल्का कुणावर विश्वास ठेवेनाशी झाली होती. अर्ज फुकट लिहून देतो म्हणणाऱ्याला ती आधी त्याचं गाव विचारायची. साहेबानं बसायला खुर्ची दिली की ती उभीच राहायची. खुशबू गावची आशा कार्यकर्ती. त्या दिवशी डबा तिच्या ताब्यात होता. नेमकं काय झालं हे सांगू शकेल अशी ती एकटीच होती. महिन्याभरापूर्वी विहारात बैठक झाली, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "जे झालं ते सांगीन." त्या रात्री अल्काला कितीतरी दिवसांनी चांगली झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्का मुद्दाम रिकामी घागर घेऊन हापशीवर गेली. खुशबू तिथे होतीच.

"काल दिसली नाही दिवसभर."

"बहिणीकडं गेली होती. फुलचूरले."

"कायनं आली वापस?"

"आटोनं."

खुशबू हापशी दाबत होती. घागर भरून पाणी तिच्या पायांवर सांडू लागलं, तरी ती दाबतच राहिली. अल्का त्या सांडणाऱ्या पाण्याकडे पाहत होती.

"उद्या येऊन राहिलीस न?"

"येऊन राहिली न वहिनी."

"काय सांगशील?"

"जे विचारतील ते."

खुशबूनं घागर कमरेवर घेतली आणि निघून गेली. विहारात ती 'जे झालं ते' म्हणाली होती. आता 'जे विचारतील ते' म्हणत होती. अल्का दिवसभर ही दोन वाक्यं उलटसुलट करून पाहत राहिली. खुशबूला साक्षीला नेऊच नये, असं तिच्या मनात आलं. पण नेलं नाही तर उद्या समितीचे लोकच म्हणतील, साक्षीदार कुठे आहे?

सुनावणीच्या दिवशी तिघी एकाच ऑटोनं गोंदियाला गेल्या. सुमनबाई पांढरं पातळ नेसून मधे बसली होती. 

सभागृहात पंखे जोरात फिरत होते. टेबलाच्या मधोमध समितीचे अध्यक्ष बसले होते. निवृत्त अधिकारी, पिकलेले केस, मऊ आवाज. "आम्ही कुणाला शिक्षा करायला आलेलो नाही," असं ते सुरुवातीलाच म्हणाले. अल्काला वाटलं, मग आलात कायले?  बाजूला एक टंकलेखक संगणकावर सगळं उतरवून घेत होता. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. त्यांनी खुशबूकडे एकदाही पाहिलं नाही. अल्काला नेमकं तेच खटकलं. ओळखीच्या माणसाकडे माणूस चुकून तरी पाहतोच.

राजदीपचं नाव पुकारलं गेलं. डॉक्टर उठले.

"शिबिर झालं होतं. नमुनेही नियमानुसार घेतले होते. ते वेळेत मुख्य रस्त्यापर्यंत आणून द्यायची जबाबदारी स्थानिक पातळीवर होती."

"स्थानिक पातळी म्हणजे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"गावच्या आशाताई आहेत इथे."

खुशबू उभी राहिली. तिनं ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बोलू लागली. शाळेतली कविता पाठ म्हणावी तसा तिचा आवाज एकसारखा होता.

"डबा रस्त्यावर आणाले मले उशीर झाला. तवरक गाडी येऊन गेली होती. माया हातून चूक झाली."

अल्काच्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं. 'चूक झाली' एवढे दोन शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकावेत म्हणून ती इतकी वर्षं दारोदार फिरली होती. कुणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं गेलं, भर सभेत, सगळ्यांच्या समोर. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

तेव्हाच तिचं लक्ष टंकलेखकाकडे गेलं. त्याची बोटं थांबलेली होती. खुशबू 'माया हातून' म्हणत होती, तेव्हाच बोटं थांबली होती. पुढचे शब्द ऐकायची त्याला गरज पडली नव्हती; ते आधीच लिहून तयार होते.

अल्कानं पदर खाली घेतला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर अवघड गणित सुटल्यासारखं समाधान होतं.

"इतक्या मोकळेपणानं कबूल केलं, हे चांगलं झालं. त्या वेळी सगळ्यांवरच ताण होता. यांना लेखी समज देऊन हा विषय संपवता येईल. आणि ताई, तुमच्या मदतीच्या अर्जाचा अहवालाशिवायही सहानुभूतीनं विचार करावा, अशी शिफारस आम्ही करू." ते अल्काकडे वळले. "समाधान झालं का?"

सुमनबाईनं कोपरानं ढोसलं. हो म्हण.

अल्का उभी राहिली. डोळ्यांसमोर शिबिराच्या दिवशीचा तो दुपारचा रस्ता आला. दीर ओमेश ऑटो चालवत होता, राजदीपचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्यात त्याच्या घशातून घरघर येत होती. गावच्या फाट्यावर खुशबू उभी होती. झाडाची सावली रस्त्याच्या पलीकडे होती. पण पलीकडून गाडीवाल्याला आपण दिसणार नाही, म्हणून ती अलीकडे, भर उन्हात थांबली होती. तिचं स्वतःचं डोकं उघडं होतं. ओढणी दोन्ही हातांनी ताणून तिनं डब्यावर धरली होती. ऑटो तिच्या जवळून गेला, तेव्हा तिनं मान वर केली नव्हती. ती रस्त्याच्या टोकाकडे पाहत होती.

"नाही झालं," अल्का म्हणाली.

"म्हणजे?"

"हिले उशीर नाही झाला. मी माया नवऱ्याले घेऊन निघाली, त्याच्या अगोदरपासून ही रस्त्यावर उभी होती. मी माया डोळ्यानं पाह्यलं."

"मग या खोटं सांगताहेत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हिचं काय ते मी नाही सांगत. गाडी त्या दिवशी कोठी होती, ते डॉक्टरसाहेबाले विचारा. मले तेवढंच पाहिजे."

 अध्यक्षांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि न पिताच पुन्हा लावलं.

"हा मुद्दा आमच्या कक्षेत येतो का, ते पाहावं लागेल," अध्यक्ष म्हणाले. आता त्यांचा आवाज तितका मऊ नव्हता. "संध्याकाळपर्यंत आम्ही इथेच आहोत. कुणाला आणखी काही सांगायचं असेल तर सांगता येईल. पुढचं नाव घ्या."

 सभागृहाच्या फाटकाबाहेर पडताच खुशबू गर्रकन वळली.

"तुले हो म्हणाले काय झालं होतं वहिनी? समज देतो म्हणे, कागद फायलीत जाईन म्हणे, काम राहीन म्हणे. तुयी मददही मंजूर होऊन राहिली होती. साऱ्याचं भलं होत होतं. आता मायं कामही गेलं आन् तुयी मददही."

"त्यानं असं सांगतलं तुले? गाडीत?"

खुशबू दचकली. मग तिनं मान खाली घातली.

"हो."

"तू मायासाठी केलं का तुयासाठी?"

विचारायचं नव्हतं, तरी अल्काच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची सवय होती.

"दोघीसाठी म्हटलं तर पटन तुले?"

अल्कानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. पटलं की नाही, हे तिचं तिलाच कळेना. ती म्हणाली, "त्या दिवशी मले तुया लय राग आला होता. म्हटलं, माया माणूस इकडं जाऊन राहिला आन् ही डब्यावर ओढणी धरून उभी आहे. त्याच्याकडं पाहतही नाही."

"त्या डब्यात त्याचंच तर होतं न वहिनी," खुशबू म्हणाली.

 सुमनबाईनं नाक ओढलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

"नागरा, नागरा!" अशी गावाकडची हाक देत एक ऑटो येऊन थांबला. सुमनबाई आत चढली आणि पातळ आवरून दोघींसाठी जागा करून बसली. खुशबूनं पायरीवर एक पाय ठेवला, दांडी धरली आणि ती तशीच थांबली. ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं.

"बैठो बाई, जल्दी."

खुशबूनं पाय खाली घेतला. सभागृहाच्या पायऱ्यांवर पुढच्या नावाची माणसं गोळा होत होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"वहिनी," तिनं विचारलं, "संध्याकाळपर्यंत म्हणजे कवापर्यंत बसतीन वो ते?"