सुताराचं कलम

पहिली सहल.

शेतावर मुक्कामाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने पेरूचं एक कलम बांधायचं, असा मालकांचा रिवाज होता. माझे बाबा सुतार. त्यांनी चौकटीला पाडतात तशी खाच पाडून फांदी बसवली.

मालक हसले. "मिस्त्री, झाड आहे हे, खुर्ची नव्हे. जगायचं नाही."

दुसरी सहल, नऊ वर्षांनी.

बाबा गाडीतून उतरून थेट बागेत निघाले.

"बाबा, आधी चहा तरी घ्या."

"चहा काय पळून जातोय?"

त्यांचं झाड फळांनी वाकलं होतं. ते सांध्यावर बोट फिरवू लागले. मागून मालक आले.

"वादळात बाकीची कलमं सांध्यातच मोडली, मिस्त्री. आता सगळ्यांना तुमचीच खाच शिकवतो."

"शिकवा," बाबा म्हणाले. "फक्त केसभर आणखी खोल घ्या. तेव्हा मी नवखा होतो."