आमच्या वतीने धाकटी

माझी धाकटी जाऊ बोलायला लागली की दगडालाही पाझर फुटतो. सासूबाई म्हणायच्या, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. माती तिची आणि सोनं माझं, अशी मी आपली समजूत घालून घ्यायचे.

आम्ही दोघी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. ती घड्या करते, मी गरम रोलरवर. ओली चादर ताणून रोलरच्या तोंडाशी द्यायची, पलीकडून ती कोरडी, सपाट बाहेर येते. रोलरपुढे एक आडवी दांडी असते, हात तिला लागला की यंत्र थांबतं. आमची दांडी जुनी झाली होती, नुसती जाड शिवण आली तरी थांबवायची. काम तुंबायचं, बोलणी आम्हाला बसायची. म्हणून आम्हीच मिस्त्रीच्या मागे लागून ती वर बांधून घेतली. शहाण्याच आम्ही. मग एक दिवस माझा उजवा हात आत गेला.

जखम भरली. दोन बोटांना गरम लागत नाही, गार लागत नाही. खरं तर मलाच हल्ली फारसं काही वाटत नाही. सोमवारी कामावर जायचं होतं. नवी दांडी बसल्याशिवाय त्या रोलरपुढे उभं राहायला लागू नये, एवढीच माझी इच्छा होती.

"मी बोलते साहेबांशी. सगळ्यांच्या वतीने," धाकटी म्हणाली.

रविवारभर तिने घरात तालीम केली. मी स्टुलावर बसून साहेब झाले होते. दर वाक्याला 'जमणार नाही' म्हणायचं, एवढंच माझं काम. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, साहेब शोभता हं!" सगळे हसले. मीही तोंड हसरं केलं.

"आधी त्यांची अडचण आपण बोलून दाखवायची," धाकटी सांगत होती. "मग तुमचा हात दाखवायचा, आणि गप्प राहायचं. ते बोलेपर्यंत."

सोमवारी तिने तसंच केलं. मी हात टेबलावर ठेवला आणि मूग गिळून उभी राहिले. साहेबांनी हाताकडे पाहिलं, मग धाकटीकडे. तिच्याकडेच जास्त वेळ.

"काय छान मांडता हो तुम्ही!" ते म्हणाले. "तुमच्यासारखं माणूस घड्या घालत बसलंय? आम्हाला देखरेखीला कुणीतरी हवंच होतं."

हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवतात ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. दांडीचं काय, तर पुढच्या खरेदीत बघू.

बाहेर बायका वाट पाहत होत्या. धाकटी त्यांच्यापुढे उभी राहिली. "तुमची भीती मला कळते," तिने सुरुवात केली. मग म्हणाली, साहेब आपल्या बाजूचे आहेत, आता आपलंच माणूस वर आहे, थोडी कळ काढली तर सगळं होईल. इतकं सुरेख बोलली की बायका माना डोलवायला लागल्या. माझीही मान हलली. तोंडाला पानं पुसली जाताहेत हे कळत होतं, तरी हलली.

मग मी म्हटलं, "आजची पहिली चादर तू घाल."

धाकटी हसली. यंत्र सुरू केलं, चादर ताणून पुढे झाली. रोलर वीतभर अंतरावर असतानाच तिचे हात थांबले. सगळ्यांनी पाहिलं. तिने चादर परत टोपलीत टाकली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही आजपासून घडीच्या टेबलावर. माझ्या जागेवर."

मला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि ते हे होतं.

दुपारी रोलरवर कालपरवाच कामाला लागलेली एक बाई आणली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून आलेली. धाकटी तिला समजावत होती, मस्त समजावत होती. पण ती बाई काही हलेना. बांधलेल्या दांडीकडे बघत राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने वळून मला विचारलं, "ताई, तुम्ही इथेच होतात ना? भीती नाही ना काही?"

धाकटी माझ्याकडे बघत होती. मी उजवा हात चादरीच्या घडीखाली सरकवला.

"सवय होते," मी म्हटलं.

तेवढ्यावर ती रोलरपुढे जाऊन उभी राहिली.