दोम त्रिस्तांवचं सुतक

बुगाल्योला फाशी व्हायची होती ती दातांपायी. लिस्बनजवळ आमच्या सेतूबालच्या बाजारात तो संत आपोलोनियाचे दात विकायचा. या संतिणीचा दात गळ्यात बांधला की दाढदुखी थांबते, अशी आमच्याकडे श्रद्धा. आता संतीण झाली म्हणून काय झालं, तिलाही दात असून असून बत्तीसच असणार. बुगाल्योने एका उन्हाळ्यात चाळीसच्या वर विकले. त्यातला एक न्यायाधीशाच्या बायकोने घेतला, तिची दाढ काही थांबेना, आणि कुणीतरी तो दात बकरीचा म्हणून ओळखला. झालं.

"फाशी, नाहीतर गिनीचा किनारा," न्यायाधीश म्हणाला. तेव्हा तशी रीतच होती. फाशीचा माणूस गलबतावर घालायचा आणि अनोळखी किनाऱ्यावर उतरवून यायचं. तो तिथली भाषा शिकून जगला तर पुढच्या गलबताला दुभाषा मिळाला. मेला तर दोर वाचला.

त्या गलबतावर मी पिंपवाला होतो. पाण्याची, दारूची, खारवलेल्या मांसाची पिंपं बांधायची, गळकी ठोकून नीट करायची, हे माझं काम. आम्ही त्याला एका नदीच्या मुखाशी उतरवलं. तिथे बगळे पुष्कळ होते, म्हणून कप्तानाने तिला 'बगळ्यांची नदी' असं नाव दिलं. नदीला आधीचं नाव होतंच, पण ते विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. बुगाल्योला एक सुरी दिली, सुक्या पावाची पिशवी दिली. चिखलात गुडघाभर रुतलेला तो मला ओरडून म्हणाला, "जिराल्दो, लेका, आईला सांग, पोरगा सरकारी नोकरीत लागला!"

चार वर्षांनी मी पुन्हा त्याच नदीवर गेलो, ते दोम त्रिस्तांवच्या गलबतावरून.

दोम त्रिस्तांव म्हणजे बड्या घराण्यातला तिसरा मुलगा. थोरल्याला जमीन मिळाली, मधल्याला चर्च मिळालं, आणि याच्या वाट्याला समुद्र आला. समुद्र त्याला मानवत नव्हता. लिस्बन सुटल्यापासून तो मखमली अंगरखा घालून बादलीशी बसून होता. पण त्याच्याबरोबर एक पांढरा दगडी खांब होता, पुरुषभर उंचीचा. त्यावर राजाची मुद्रा, वर क्रूस, आणि खाली कोरलेलं: अमुक साली हा देश थोर दोम त्रिस्तांवने शोधून काढला. शोध लागायचा होता, पण शोधाचं साल लिस्बनच्या पाथरवटाने आधीच कोरून दिलं होतं.

नांगर टाकला, तसा एका होडीतून एक जाडजूड माणूस आमच्या भाषेत ओरडत आला. "काय रे, त्या न्यायाधीशाच्या बायकोची दाढ थांबली का?"

बुगाल्यो! पोट सुटलेलं, कातडी उन्हाने करपलेली, दात सगळे शाबूत. तो आता मिठाचा व्यापार करत होता. गावातल्या कुंबा नावाच्या बाईशी त्याने लग्न केलं होतं, दोन मुली झाल्या होत्या. कुंबाचा मामा सांबू हा गावचा म्होरक्या. खाजणात, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या दलदलीत, बांध घालून भात पिकवणारं गाव ते. घरं स्वच्छ, माणसं हसरी, आणि भांडणं आमच्याइतकीच.

दुसऱ्या दिवशी सोहळा झाला. सगळं गाव वडाएवढ्या एका झाडाखाली जमलं. खांब रोवला. दोम त्रिस्तांवने जाहीरनामा उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचला: आजपासून ही नदी, ही जमीन, तीवरची माणसं आणि त्यांच्या पुढच्या सर्व पिढ्या आमच्या राजाच्या झाल्या; त्यांनी आनंदाने मान तुकवावी, खंडणी द्यावी; न मानल्यास जाळपोळ आणि गुलामी होईल, आणि तिचा दोष त्यांचा त्यांच्यावरच राहील.

"सांग त्यांना," तो बुगाल्योला म्हणाला.

बुगाल्यो गावाकडे वळला. मग त्या लोकांच्या भाषेत, हात छातीवर ठेवून, बराच वेळ बोलला. ऐकता ऐकता सांबूचा चेहरा पडला. बायकांमधून एकीने हुंदका दिला, मग दुसरीने, आणि बघता बघता सगळ्या जणी गळा काढून रडायला लागल्या.

दोम त्रिस्तांवचेही डोळे भरून आले. "बघा, बघा," तो आमच्या पाद्रीला म्हणाला, "आपल्या राजाचं नाव ऐकून कसं भरून आलंय त्यांना!"

सांबू पुढे झाला. त्याने मूठभर राख घेतली, दोम त्रिस्तांवची टोपी हळूच काढली आणि ती राख त्याच्या डोक्यावर चोळली. मग त्याला मिठी मारून पाठीवरून हात फिरवत राहिला.

"हा राज्याभिषेक काय?" दोम त्रिस्तांवने विचारलं.

"तसंच काहीसं, सरकार," बुगाल्यो म्हणाला. "तीन दिवस धुवायची नाही."

गावाने तांदूळ आणले, दोन बोकड आणले, लाल ताडतेलाचे घडे आणले. पाद्रीने लिहून घेतलं: पहिली खंडणी. सांबूने कागदावर अंगठा उठवला. संध्याकाळी मी बुगाल्योला झाडामागे गाठलं. "काय सांगितलंस रे त्यांना?"

"सांगितलं, या गरिबाचा बाप वारलाय. परक्या किनाऱ्यावर बापाच्या नावाने दगड उभा करीन असा नवस होता, तेवढी परवानगी मागतोय. वाचून दाखवला तो बापाच्या आठवणींचा कागद होता."

"अरे, मेल्या!"

"मग काय खरं सांगू? यांच्याकडे दीडशे भाले आहेत, जिराल्दो. आपण एकोणतीस जण. खरं सांगितलं असतं तर आत्ता तू आणि मी दोघंही त्या झाडाला लटकलो असतो. आणि भाले नसते तर..." त्याने गलबताकडे मान वळवली. मग म्हणाला, "सगळ्यांनाच बरं वाटेल असं खोटं मी बोलतो. तो माझा धंदाच आहे."

गलबताचा तळ दुरुस्त करायचा होता म्हणून आम्ही तिथे पाच आठवडे राहिलो. मी बुगाल्योच्या पडवीत पिंपं ठोकत बसायचो, आणि कुंबाच्या मुलींकडून ती भाषा थोडी थोडी शिकलो. येता जाता बायका गलबताकडे बघून म्हणायच्या, "बिचारा! अजून जेवण जात नाही त्याला." त्याला समुद्र लागला होता, पण ते सांगून कशाला कुणाचा विरस करायचा?

लिस्बनला परतल्यावर दोम त्रिस्तांवची मिरवणूक निघाली. त्याला किताब मिळाला: 'बगळ्यांच्या नदीचा स्वामी'. वाड्यावाड्यांत मेजवान्या झाल्या. डोक्यावर तेल ओतून आणि सोन्याची धूळ लावून रानटी राजाने आपल्याला कसं मानलं, हे तो दर वेळी थोडं वाढवून सांगायचा. ती राख होती हे मला माहीत होतं. पण पिंपवाल्याला मेजवानीला कोण बोलावतो?

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो. या खेपेला दोम त्रिस्तांवने मला बोलावून पिंपांचा हिशेब दिला. "परतीच्या वाटेसाठी साठ माणसांचं पाणी बांध."

"सरकार, आपण तर एकोणतीस आहोत."

"तू पिंपं बघ."

मग लोहाराने तळात कड्या ठोकल्या, तेव्हा ती वरची तीसेक माणसं कोण ते मला कळलं. वाटेत मला झोप लागेना. असं बघा, मी काही संत नव्हतो. लिस्बनच्या बाजारात माणसं विकताना मी पाहिलं होतं आणि तोंड फिरवून सार्डिन मासे घेऊन घरी आलो होतो. पण त्या माणसांच्या पडवीत बसून मी भात खाल्ला नव्हता.

नदीत शिरलो तर गाव काठावर उभं होतं. हसत होतं. आमचा पांढरा खांब तेल लावून चकचकीत केला होता, त्याच्यापुढे भाताचा द्रोण ठेवला होता. दोम त्रिस्तांवला तर स्वर्ग दोन बोटं उरला. "राजमुद्रेची पूजा करतात!" सांबूने त्याचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. मला अर्थ कळला: बाबा, वर्ष झालं, वडिलांचं वर्षाचं जेवण आणलंस का? तसा त्यांचा रिवाजच होता. गाव रडलं, तर वर्षाने दुखवटेकऱ्याने गाव जेवू घालायचं.

पाणी भरायच्या निमित्ताने मी बुगाल्योला बाजूला घेतलं आणि साठ माणसांचं पाणी, तळातल्या कड्या, सगळं सांगितलं. त्याने खाली चिखलाकडे पाहिलं.

दुपारी त्याच झाडाखाली पुन्हा सभा. दोम त्रिस्तांवने अंगठ्याचा कागद दाखवला. "कराराप्रमाणे मला तीस माणसं पाहिजेत. तरणी, धडधाकट. काही बायका चालतील. सांग."

मागे आमचे दहा जण बंदुका भरून उभे होते. बुगाल्यो सांबूकडे वळला. चेहऱ्यावर दरबारी हसू, मान थोडी झुकलेली. आणि त्याच गोड आवाजात त्याने खरं सांगितलं. मला बहुतेक कळत होतं.

"मामा, हसत राहा. हा माणूस तुमची तीस माणसं साखळीत घालून न्यायला आलाय. याचा बाप मेला नव्हता. मी खोटं बोललो. तो दगड कुणाचाही नाही, त्यावर लिहिलंय की तुमची जमीन याची झाली."

सांबूचं हसू हललं नाही. म्हातारा खमक्या. "याचा बाप जिवंत आहे?"

"मला माहीत नाही, मामा."

"माझी बहीण त्याच्यासाठी दोन दिवस जेवली नव्हती."

"माहीत आहे."

"तुला नंतर बघतो," सांबू तितक्याच प्रेमाने म्हणाला. "आता त्याला काय सांगायचं?"

"उधाण कधी आहे?"

"पाचव्या दिवशी."

बुगाल्यो दोम त्रिस्तांवकडे वळून लवून बोलला. "सरकार, म्हातारा म्हणतो, तीस ही तुमच्या थोरवीला शोभत नाहीत. पन्नास देतो. पण माणसं वरच्या अंगाला शेतावर आहेत. पाचव्या दिवशी उधाणाच्या पाण्यावर होड्यांतून आणतो. तोवर आपण गलबतावर आराम करावा."

दोम त्रिस्तांवने डोळे बारीक केले. इतका बावळट तो नव्हता. त्याने मला बोटाने बोलावलं. "पिंपवाल्या, तू इथे पाच आठवडे काढलेस. याने नीट सांगितलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कुंबा समोर उभी होती, धाकटी मुलगी कडेवर.

"अक्षर न् अक्षर, सरकार," मी म्हणालो. "फक्त म्हातारा पंचावन्न म्हणाला. हा पाच खातोय."

दोम त्रिस्तांव खदखदून हसला आणि बुगाल्योच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "चोर तो चोरच!" ते पाच मला कुठून सुचले, देव जाणे. पण त्यावरच त्याचा विश्वास बसला.

आम्ही गलबतावर वाट बघत बसलो. रोज गावातून ताडी यायची, तिसऱ्या दिवसापर्यंत. चौथ्या दिवशी आली नाही. पाचव्या दिवशी उधाण आलं, पाणी खाजणभर पसरलं, होडी मात्र एकही नाही. सहाव्या दिवशी दोम त्रिस्तांव बंदुका घेऊन उतरला. मीही मागे होतो.

गावात कुणी नव्हतं. अंगणं झाडलेली, कणग्या रिकाम्या, चुली गार. कोंबडीचं पीससुद्धा मागे ठेवलं नव्हतं. खांब आडवा पाडून त्यावर कुणीतरी मासे सुकवले होते, आणि तेही जाताना उचलून नेले होते. भाताचे बांध मात्र त्यांनी स्वतःच फोडले होते. खारं पाणी शेतात शिरलं होतं. तीन पिढ्यांनी गोड केलेली जमीन. ते बघून मला हसू येईना.

बुगाल्योही गेला होता. सांबूने त्याला बरोबर नेलं की वाटेत त्याचा हिशेब केला, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याच्या पडवीत मी ठोकलेलं पिंपसुद्धा नव्हतं, त्यावरून मी समजतो की कुंबाने त्याचं सामान नेलं तसं त्यालाही मागे टाकलं नसावं.

गलबतावर ताप पसरला. आमच्यातले सात गेले, त्यात पाद्री गेला. उरलेले आम्ही बावीस जण साठ माणसांचं पाणी पीत लिस्बनला पोचलो.

मला वाटलं, आता दोम त्रिस्तांवची फजिती होणार. कसली फजिती? त्याने दरबारात सांगितलं की त्याची प्रजा इतकी स्वामिनिष्ठ, की त्याचं राज्य वाढवायला आपण होऊन आतल्या मुलखात सरकली. नकाशे काढणाऱ्यांनी लगेच त्याचं नाव नदीपासून चार बोटं आत ओढलं. किताबात 'आणि अंतर्भागाचा' हे शब्द वाढले, वर्षासन दुप्पट झालं. पुन्हा काही तो समुद्रावर गेला नाही.

गलबत मी तेव्हाच सोडलं. सेतूबालला सार्डिनची पिंपं बांधतो. बुगाल्योच्या आईला सांगितलं, पोरगा मोठ्या हुद्द्यावर आहे, घरी यायला सवड नाही. म्हातारीने शेजारपाजारी गूळ वाटावा तशी अंजिरं वाटली.

चार वर्षांनी त्या नदीवर दुसरा कप्तान गेला. त्याने दुभाषा नेला नाही. दुभाष्याचा काही उपयोग होत नाही, असं दोम त्रिस्तांवनेच त्याला सांगितलं होतं म्हणे. त्याने पाच तोफा नेल्या. ते गलबत परतलं त्या दिवशी मी लिस्बनच्या धक्क्यावर उभा होतो. तळातून वर आणलेली माणसं एकेक करून मोजली जात होती. मी प्रत्येक तोंड बघितलं, ओळखीचं एकही नव्हतं. मला हायसं वाटलं. आणि तेवढ्यात त्यांच्यातल्या एका बाईने शेजारणीकडे हळूच पाणी मागितलं, कुंबाच्या भाषेत.